फवारणीनंतरची स्वच्छता

झुरळांचा किंवा ढेकणांचा उपद्रव असह्य झाला म्हणजे घरात कीटकनाशक फवारून घेतले जाते. फवारणारा माणूस पंप उचलून निघून जातो आणि उंबरठ्यावर उभ्या असलेल्या गृहिणीपुढे प्रश्न पडतो : आता काय धुवावे आणि काय धुवू नये? प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या उत्तरावर घरातील माणसांचे आरोग्य आणि केलेल्या खर्चाचे सार्थक ही दोन्ही अवलंबून असतात.

हा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही. 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना सुरू झाली आणि खेडोपाडी घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्यात येऊ लागले. त्यापूर्वीच, 1946 च्या सुमारास, मुंबई प्रांतातील धारवाड व कानडा जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी हा उपाय अवलंबिला होता. रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर विसावतो, तेथील औषध त्याच्या पायांना लागते आणि तो मरतो, असे त्यामागील तत्त्व होते. परंतु फवारणीने भिंतींवर पांढुरके डाग पडत. सण जवळ आला, की घरची माउली हौसेने भिंत सारवून काढी किंवा चुना लावी आणि औषधाचा थर त्याखाली गाडला जाई. घर स्वच्छ दिसे, पण डासांना पुन्हा अभय मिळे. स्वच्छतेचा हेतू चांगला असूनही तिची वेळ व जागा चुकली, म्हणजे असा विपरीत परिणाम होतो.

आज घरोघरी डीडीटी वापरले जात नाही; भारतात 1989 पासून शेतीतही त्याला बंदी आहे. औषधे बदलली, तरी तो धडा मात्र कायम आहे. औषध जेथे माणसाच्या हातातोंडाशी येते, तेथून ते पूर्णपणे धुऊन काढावे. जेथे केवळ किड्यांचाच वावर असतो, तेथे ते राहू द्यावे.

औषधाच्या वेष्टनावर सांगितलेली मुदत संपल्याखेरीज घरात प्रवेश करू नये. प्रथम दारे-खिडक्या उघडून वारा खेळू द्यावा. तान्ही मुले, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रोगी यांना त्यानंतरच आत आणावे. हातांत रबरी मोजे घालून मेलेले किडे कागदावर गोळा करावेत व कचऱ्यात टाकावेत. ते कोंबड्यांपुढे टाकू नयेत. झाडूने धूळ उडविण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसणे बरे. उघडे राहिलेले अन्न व पाणी टाकून द्यावे. ओटा, पोळपाट-लाटणे, भांडी आणि जेवणाचे मेज साबणाच्या पाण्याने धुवावे. रांगणारे मूल ज्या फरशीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते, ती फरशी विशेष काळजीने पुसावी.

याउलट भिंतीच्या कडा, कपाटामागील फटी व मोरीचे कोपरे तज्ज्ञाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत धुऊ नयेत. झुरळांसाठी कपाटाच्या बिजागरीजवळ लावलेले आमिषाचे ठिपके पुसू नयेत. त्यांवर दुसरे औषधही फवारू नये, कारण मग झुरळे त्या आमिषाला तोंड लावीत नाहीत. स्वयंपाकघरातील लहान जातीच्या झुरळाच्या एका अंडकोशात तीस ते चाळीस अंडी असतात आणि कोशाच्या कवचामुळे ती बहुधा फवाऱ्यातून बचावतात. म्हणून काही दिवसांनी पिले दिसली, तर औषध वाया गेले असे समजू नये. राखून ठेवलेला औषधाचा थर नेमका त्याच वेळी उपयोगी पडतो.

पुसण्याचे पाणी विहिरीत, तळ्यात किंवा ओढ्यात ओतू नये. हल्लीची पुष्कळशी औषधे माशांना अत्यंत घातक असतात. औषधाच्या रिकाम्या डब्यात तेल अथवा रॉकेल भरणे हाही जिवाशी खेळ होय.

शेवटी एक गंभीर इशारा. धान्याच्या गुदामात वापरण्याच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ढेकणांसाठी घरात ठेवल्याने अनेक कुटुंबांत मृत्यू ओढवले आहेत. ओलावा लागताच त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो व तो फटींतून शेजारच्या खोलीतही शिरतो. त्यावर उतारा नाही. तेथे फडके आणि पाणी घेऊन जाणे म्हणजे संकट वाढविणे होय. अशी गोळी घरात असल्याचे कळताच सर्वांनी, शेजाऱ्यांनाही सावध करून, तत्काळ बाहेर पडावे. कोणाला मळमळ किंवा धाप लागल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

किडे मारण्याचे औषध हे विषच असते. ते कोठे ठेवावे आणि कोठून काढावे, हा विवेक ज्या घरात आहे, ते घर खऱ्या अर्थाने स्वच्छ म्हणावे.