वजनाचा व्यायाम आणि शरीर



दगडी नाल, मुद्गल, करेला ही साधने महाराष्ट्रातील तालमींना नवी नाहीत. परंतु वजन उचलणे हे तरुण पैलवानांचेच काम, स्त्रियांनी व वृद्धांनी त्यापासून दूर राहावे, असा समज आजही आढळतो. १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि या समजास मोठा धक्का बसला. वृद्धांच्या निवासी संस्थेतील सुमारे ९० वर्षे वयाच्या दहा अशक्त व्यक्तींकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करवून घेण्यात आला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. मांडीच्या स्नायूंचे आकारमान मात्र अवघे ९ टक्क्यांनी.

ही तफावत उद्बोधक आहे. प्रारंभी वाढते ती मुख्यतः स्नायूंची जाडी नव्हे. मेंदू व मज्जातंतू अधिकाधिक स्नायुतंतूंना एकाच वेळी कामास लावण्यास शिकतात. तंतू जाड होण्यास त्याहून अधिक काळ लागतो, आणि आहारात डाळी, दूध, अंडी यांतून पुरेशी प्रथिनेही लागतात. व्यायाम थांबताच हे बळ ओसरू लागते, हेही त्याच प्रयोगात दिसून आले.

हाडांचा न्याय वेगळा नाही. ताण पडला की हाड घडविणाऱ्या पेशी कार्यप्रवृत्त होतात. दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची हाडे विरळ होतात. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या हाडांची झीज वेगाने होते. न्हाणीघरात घसरून खुबा मोडलेली आजी पुन्हा स्वतःच्या पायांवर चालेलच असे नसते. घागरी वाहून व्यायाम होतोच की, असे कोणी म्हणेल. परंतु ओझे गरजेपुरते असते. व्यायामात भार क्रमाक्रमाने वाढविला जातो आणि स्नायूंना विश्रांतीही मिळते. शिवाय रक्तातील साखरेचा मोठा वाटा स्नायूच शोषून घेतात, म्हणून मधुमेहींनाही हा व्यायाम हितावह ठरतो.

श्वास रोखून वजन उचलल्यास रक्तदाब क्षणार्धात चढतो. म्हणून उचलताना श्वास सोडावा. हृदयविकार, उच्च रक्तदाब वा अंतर्गळ असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाची शिफारस केली. त्यासाठी महागडी यंत्रे नकोत. वाळूची पिशवी, पाण्याचा डबा व खुर्चीवरून उठबस एवढ्यावर आरंभ होतो. गावच्या व्यायामशाळेत स्त्रियांसाठी व वृद्धांसाठी स्वतंत्र तास राखून ठेवणे, हा तर ग्रामपंचायतीच्या एका ठरावाचा प्रश्न आहे.