फोन करण्याआधी
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांचा हिशेब सेक्रेटरींनी मांडलाच आहे. मी बँकेतला माणूस असलो तरी आज आकड्यांत शिरत नाही. विषय जरा वेगळा आहे: स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली माणसं आणि पोलीस.

१८ जुलै २०१६. अमेरिकेतलं नॉर्थ मायामी. निवासी केंद्रातून निघून गेलेला एक स्वमग्न तरुण रस्त्यात बसला होता. हातात खेळण्यातला ट्रक. कुणीतरी पोलिसांना फोन केला, माणसाकडे पिस्तुलासारखं काहीतरी आहे! त्याला परत न्यायला आलेला कर्मचारी रस्त्यावर उताणा पडून, हात वर करून ओरडत होता की ते खेळणं आहे. तरी गोळी सुटली आणि त्या कर्मचाऱ्याच्या पायात घुसली. नेम तरुणावर होता, असं नंतर पोलिसांच्या संघटनेनेच सांगितलं.

असं का होतं? पोलिसांची सवय अशी, की हटकलं तर माणसाने थांबावं, नजरेला नजर द्यावी, उत्तर द्यावं. नाही दिलं की संशय. स्वमग्न माणसाला नेमकं हेच जड जातं. सायरन, आरडाओरडा याने तो बिथरतो, हात हलवतो, आपलाच प्रश्न आपल्याला परत म्हणतो, अंगाला हात लावला तर झटकून पळतो. बघणाऱ्याला वाटतं, नशेत आहे किंवा उर्मट आहे.

पोलिसांना प्रशिक्षण हवंच. पण तिथे घोळ सुरू झाला तो फोनपासून, आणि फोन तुमच्या-आमच्यासारख्यानेच केला होता.

आपला कायदा चांगला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. अत्याचाराची तक्रार आली तर दिव्यांग व्यक्तीला तिचे हक्क आणि मोफत कायदेशीर मदतीची माहिती देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा तर दिव्यांग व्यक्तीला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. (साठीपुढच्या मंडळींनाही हीच सवलत आहे बरं का!)

आपण काय करायचं? घरच्यांची संमती असेल तर अशा मुलांची ओळख वॉचमनला करून द्या. दिव्यांग कार्डाची प्रत हाताशी ठेवा. ११२ लावायची वेळ आलीच तर जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच सांगा, आणि माहीत असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा: मुलगा स्वमग्न आहे, हातात शस्त्र नाही, एकानेच हळू बोला.

आपली मुलं मोठी होतात. दहा वर्षांचं पोर गेटवर उड्या मारतं तेव्हा कौतुक होतं. पंचविसाव्या वर्षी त्याच उड्यांची लोकांना भीती वाटते. त्याला ओळखणारे शेजारी तेव्हा जवळ हवेत.