चार आण्यांचा अभिप्राय



कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत स्टंटपटावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण रांजणगावचा किंवा कुरकुंभचा कामगार पाळी संपल्यावर कोणता खेळ पाहतो, आणि त्याच्या आवडीला शहाणी माणसे काय नाव ठेवतात, हा आमच्या मते चळवळीचाही प्रश्न आहे. म्हणून आज ‘हंटरवाली’ची गोष्ट सांगावयाची आहे.

हा बोलपट १९३५ साली मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने काढला. दिग्दर्शक होमी वाडिया. नायिका नादिया, म्हणजे १९०८ साली ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स. दुष्ट वजीर राजाला कैद करतो आणि राजकन्या माधुरी बुरखा घालून, हाती चाबूक घेऊन गोरगरिबांचा कैवार घेते, एवढेच कथानक. चित्रपट तयार झाला, पण वितरक हात लावीनात. गोरी बाई, तोकडा पोशाख आणि पुरुषांना झोडपणे; हे कोण पाहणार? अखेर वाडिया बंधूंनी बिलिमोरिया यांना सोबत घेऊन तो स्वतःच लावला आणि जाहिरातीचा धडाका उडविला. ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात तो पंचवीस आठवडे चालला. पुढे तर हंटरवालीच्या नावाचे चाबूक आणि पट्टे बाजारात विकले जाऊ लागले. निर्मात्यांना कोणी विचारलेही नाही. जाहिरात पहिल्या दिवशी गर्दी आणते. पंचविसाव्या आठवड्याची गर्दी प्रेक्षकच एकमेकांना सांगून आणतात.

सुशिक्षितांनी मात्र नाक मुरडले. स्टंटपट म्हणजे पिटातल्या, चार आणेवाल्या लोकांची करमणूक! खुद्द थोरले बंधू जे. बी. एच. वाडिया यांना अधिक प्रतिष्ठित चित्रपटांची ओढ होती. ‘राजनर्तकी’सारखे चित्रपट त्यांनी काढले, पण कंपनीचा गाडा ओढला तो चार आणेवाल्यांनीच. ती प्रतिष्ठेची शिडी चढताना खालची पायरी कोणाची होती, हे विसरू नये.

दौंडकरांना तर ‘मिस फ्रंटियर मेल’ जवळचा वाटावा. १९३६ सालचा हा चित्रपट. निर्दोष स्टेशनमास्तर खुनाच्या आरोपात अडकतो आणि नादिया धावत्या गाडीच्या टपावर गुंडांशी झुंजते. ज्या गावाचे घड्याळ गाड्यांच्या वेळांवर चालते, तिथल्या माणसाला त्या टपावरच्या धोक्याची जाण कोणत्याही टीकाकाराहून अधिक असणार. टाळी वाजते ती अडाणीपणाने नव्हे. अन्याय करणाऱ्याला कोणीतरी जाब विचारला म्हणून.

असे असले तरी आमची एक तक्रार आहे, आणि ती आधी स्वतःविरुद्ध आहे. हंटरवाली एकटी येते, एकटी लढते, आणि लोक बघत राहतात. युनियनच्या सभेतही कामगार आमच्याकडे त्याच नजरेने पाहतो. “दादा, तुम्हीच बघा काय ते!” आम्हांलाही ती नजर आवडली, हे आज कबूल करतो. एका कारखान्यात आम्ही एकट्याने साहेबांना दम भरला आणि कामावरून काढलेल्या चौघांना परत घेवविले. जयजयकार झाला. आम्ही दुसऱ्या तालुक्यात गेलो आणि दोन महिन्यांत ते चौघे पुन्हा फाटकाबाहेर. आतल्या एकानेही तोंड उघडले नाही. कसे उघडणार? आम्ही त्यांना टाळ्या वाजविण्यापलीकडे काही शिकविलेच नव्हते.

पुढे १९४२ साली परळच्या त्याच वाडिया स्टुडिओच्या जागी शांतारामबापूंचे राजकमल उभे राहिले. १९९३ साली नादियावर माहितीपट निघाला आणि अभ्यासक तिच्यावर आदराने लिहू लागले. पिटातला निकाल वरच्या वर्गापर्यंत पोहोचावयास अठ्ठावन्न वर्षे लागली.

तेव्हा परीक्षण लिहिणाऱ्यांस विनंती एवढीच, की अधूनमधून पिटातही बसावे. आणि पिटातल्या आमच्या बांधवांस सांगणे, की टाळी जरूर वाजवा. पण दिवे लागल्यावर बुरखेवालीची वाट न पाहता शेजारी कोण बसला आहे ते पाहा. उद्या फाटकावर तोच तुमच्या जोडीला असणार आहे.