हृदयाची हक्काची रजा
(हीरक महोत्सवी पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



सरोजिनी नगर ही मूळची सरकारी नोकरदारांची वसाहत. जुनी मंडळी तिला विनयनगर म्हणून ओळखतात. येथील घरांत रजांचे नियम मुलांनाही पाठ असतात. अर्जित रजा साठवता येते. नैमित्तिक रजा मात्र वर्ष सरताच बुडते. दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देणाऱ्या हृदयाच्या वाट्यालाही रोज एक नैमित्तिक रजा येते. ती म्हणजे गाढ झोप. ही रजा आगाऊ साठवता येत नाही आणि आठवडाभर बुडालेली रजा एका रविवारी पुरती भरूनही निघत नाही.

झोप सर्व रात्रभर सारखी नसते. प्रौढ माणसाच्या झोपेचा साधारण पाचवा हिस्सा गाढ झोपेचा असतो आणि त्यातील बहुतेक भाग रात्रीच्या पूर्वार्धात येतो. या काळात मेंदूच्या लहरी संथ होतात, नाडी मंदावते आणि रक्तदाब दिवसाच्या तुलनेत दहा ते वीस टक्के उतरतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरील ताण तेवढा वेळ हलका होतो. ज्यांचा रक्तदाब रात्रीही उतरत नाही, त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका अधिक आढळतो.

लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल-2’ नावाचा प्रसिद्ध अभ्यास 1985 साली सुरू झाला. त्यात दहा हजारांहून अधिक कर्मचारी सहभागी होते. सहा ते आठ तास झोपणाऱ्यांपैकी ज्यांनी पुढे आपली झोप कमी केली, त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूचा धोका दुपटीहून अधिक दिसला. अमेरिकेत 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 784 वृद्ध पुरुषांची झोप यंत्राद्वारे नोंदवली गेली. ज्यांची गाढ झोप सर्वांत कमी, त्यांना पुढे उच्च रक्तदाब जडण्याचा संभव सुमारे ऐंशी टक्क्यांनी जास्त होता. असे अभ्यास संबंध दाखवतात, प्रत्येकाचे भविष्य सांगत नाहीत. तरीही त्यांचा रोख एकाच दिशेने आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2022 मध्ये हृदयस्वास्थ्याच्या आठ मूलभूत बाबींत झोपेचा समावेश केला. चरकसंहितेने तर आहार व ब्रह्मचर्यासह निद्रेला शरीराचा उपस्तंभ केव्हाच म्हटले आहे.

येथे एक गैरसमज दूर व्हावयास हवा. घोरणारा माणूस गाढ झोपला आहे, असे घरोघरी समजले जाते. पुष्कळदा वस्तुस्थिती उलट असते. घशाचा मार्ग मिटून श्वास दहा-दहा सेकंद वा अधिक काळ थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो आणि रक्तदाब उसळतो. रात्रीत असे अनेकदा घडले, तर रजेवरच्या हृदयाला पुन्हा पुन्हा कामावर बोलावले जाते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया यांच्या 2004 सालच्या अभ्यासात मध्यमवयीन पुरुषांपैकी 7.5 टक्क्यांना हा विकार लक्षणांसह आढळला. सरोजिनी नगरच्या शेजारच्या एम्समधील डॉक्टरांनी दक्षिण दिल्लीत केलेल्या पाहणीतही तो दुर्मीळ नसल्याचे दिसून आले. या विकारावर उपचार आहेत. अडचण एवढीच की झोपलेल्याला स्वतःचा श्वास थांबल्याचे कळत नाही. ते घरच्यांनी पाहावे लागते.

दिल्लीचा उन्हाळाही या रजेवर घाला घालतो. गाढ झोप लागण्यासाठी शरीराचे तापमान थोडे उतरावे लागते. 19 जून 2024 रोजी सफदरजंग वेधशाळेत किमान तापमानच 35.2 अंश नोंदले गेले. एकेकाळी अंगणात वा गच्चीवर खाट टाकून झोपणाऱ्या या शहरात आता बंद खोलीत गारवा मिळवणे प्रत्येक कुटुंबाला परवडतेच असे नाही. म्हणूनच हा प्रश्न केवळ वैयक्तिक शिस्तीचा नाही.

तथापि काही गोष्टी घराच्या हाती निश्चित आहेत. रात्र रात्र जागून अभ्यास करणाऱ्या मुलाचे कौतुक होते. किशोरवयात आठ ते दहा तासांची झोप लागते, हे मात्र विसरले जाते. सर्वांत शेवटी निजणारी आणि सर्वांत आधी उठणारी आई आदर्श ठरते. तिची अपुरी झोप कोणी मोजत नाही. या शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी आज साठीच्या पलीकडे आहेत, त्यांची मुले चाळिशीत. प्रौढांना किमान सात तास हवेत. निजण्याची वेळ ठरलेली असावी, दुपारनंतर चहा आवरता घ्यावा, मोबाइल उशापासून दूर असावा, घोरण्याची थट्टा करण्याऐवजी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि रात्रीची आवराआवर घरातील सर्वांनी वाटून घ्यावी.

हीरक महोत्सव हा टिकून राहण्याचा उत्सव असतो. या शाळेच्या अमृतमहोत्सवालाही आज येथे जमलेले सर्वजण निरोगी हृदयाने उपस्थित असावेत, ही सदिच्छा.