तिखाडीची आई निवडू या

मारेगावहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. आजचा विषय आपल्या बरडावरच्या तिखाडीचा. कोणी तिला रोशा म्हणते, कोणी रोहिस. पान चोळले की गुलाबासारखा वास येतो, तेच हे गवत. रानात आपोआप येणारी तिखाडी वावरात पीक म्हणून लावता येते. पण बी किंवा ठोंब कोणाचा घेतला, यावर पुढचे सगळे ठरते.

तिखाडीचे तेल साबणाला आणि अत्तराला लागते. जुन्या काळी खानदेश-निमाडातले तेल मुंबईहून जहाजाने थेट तुर्कस्तानापर्यंत जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. गवत कापायची मजुरी गरिबाची, तेल दुसऱ्याचे, असेच तेव्हा चाले. आपल्याला नुसते कापणारे राहायचे नाही, लावणारे व्हायचे आहे.

रानाचे बी नेऊन लावणे नवे नाही. टिपू सुलतानाशी लढाई चालू असताना मार्टिन नावाच्या इंग्रजी फौजेतल्या अधिकाऱ्याने बालाघाटच्या पठारावरून असल्याच एका वासाच्या गवताचे बी लखनौला नेले. तिथे ते छान आले. तिखाडीच्या शास्त्रीय नावात आजही त्याचे नाव आहे. गंमत बघा, आज लखनौच्याच सीमॅप या सरकारी संस्थेने तिखाडीचे तृष्णा, पीआरसी-१ असे वाण काढले आहेत.

आता कामाचे. तिखाडीच्या दोन बहिणी आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला जवळपास सारख्या. मोतिया उघड्या, कोरड्या उतारावर विखुरलेली असते. सोफिया ओलसर, सखल जागी दाट वाढते. गुलाबी वासाचे, चांगल्या भावाचे तेल मोतियाचे. सोफियाचे तेल हलके मानतात. दोघींचे बी एकत्र झाले तर वावरात दोघी उगवतील आणि तेलाचा भाव पडेल.

म्हणून आत्ताच, गवत फुलोऱ्यावर असताना, उतारावर जा. पान चोळून वास घ्या. दहा ठोंब हुंगा, त्यातले दोन-तीन निवडा आणि त्यांना चिंधी बांधा. एकटीने नको, चौघींनी हुंगून ठरवा. त्या आपल्या आया.

आईपासून रोप दोन प्रकारे होते. पहिला प्रकार फुटव्यांचा. पाऊस चांगला लागला की ठोंबाची एक बाजू मुळासकट काढा. पाने वर छाटा, दोन-दोन फुटवे वेगळे करा आणि त्याच दिवशी लावा. काही मरतात, म्हणून थोडे जास्तीचे ठेवा. फुटव्याचे रोप हुबेहूब आईसारखे निघते.

दुसरा प्रकार बियांचा. तिखाडीत परागाची देवघेव शेजारच्या झाडाशी होते, म्हणून सगळी लेकरे आईसारखी नसतात. पण रोपे पुष्कळ मिळतात. तुरे वाळले की बी झाडून घ्या आणि कोरड्या जागी ठेवा. ताजे बी नीट उगवत नाही, त्याला विसावा लागतो. मे अखेरीस गादीवाफ्यावर बारीक रेतीत मिसळून पेरा. वरून मातीचा पातळ थर द्या, झारीने पाणी घाला. एका एकराच्या रोपांना साधारण एक किलो बी लागते. महिना-सव्वा महिन्यात रोप वीतभर झाले की लावणी करा.

दोन ओळींत दोन फूट आणि दोन रोपांत दीड फूट अंतर धरले, तर एका गुंठ्यात साधारण ३६० ठोंब बसतात. पहिल्या वर्षी निंदण वेळेवर हवे. कोवळी तिखाडी गुरे आवडीने खातात, म्हणून राखणही लागते. एकदा लावली की चार-पाच वर्षे कापणी मिळते. फुलोऱ्यात कापा, खाली वीतभर खुंट ठेवा.

निर्गुडीसारख्या झुडपाची मात्र फांदी चालते. पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची काडी पावसात धुऱ्यावर रोवा. तिखाडीची काडी अशी लागत नाही, तिला मूळ असलेला फुटवाच हवा.

आता पैशाची गोष्ट. एक क्विंटल गवतातून जेमतेम अर्धा किलो तेल निघते. भट्टी नसेल तर गवत नुसतेच गवत. म्हणून भट्टी कुठे, ऊर्धपातनाचा दर काय, तेल घेणारा कोण, हे ठरल्याशिवाय पऱ्हाटी मोडून एकरभर तिखाडी लावू नका. आधी एकच गुंठा, तोही बरड कोपऱ्यात. लागवडीची माहिती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात विचारता येईल.

आणि रानाचेही देणे आहे. अख्खा ठोंब उपटू नका, सगळे तुरे तोडू नका. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आपला हक्क मानला आहे, पण रान राखायची जबाबदारीही ग्रामसभेला दिली आहे. बी आणायला जाण्याआधी ग्रामसभेत विषय मांडा, वनरक्षकाला सांगा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने आपल्या उतारावरची एक-एक काडी आणावी. वास घेऊन आपण मिळून आई ठरवू.