कासच्या पठारावर चालताना



कासच्या फुलांविषयी बोलताना एक शब्द हल्ली सर्वांच्या तोंडी बसला आहे : गालिचा. आम्हांला हा शब्द रुचत नाही. गालिचा अंथरतात तो पाय ठेवण्यासाठी; आणि कासला जाऊन जे करू नये ते नेमके हेच.

साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटर गेले, की हे पठार लागते. उंची १२०० मीटरांच्या आसपास. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारशाच्या यादीत घेतली, त्यांत कास आहे. ही कीर्ती ऐकून येणारा मनुष्य प्रथम चकित होतो. मोठी झाडे जवळजवळ नाहीतच. पायांखाली जांभा दगड, आणि त्यावर कोठे बोटभर, कोठे वीतभर माती. पावसाळ्यात धो धो पाऊस त्या मातीतला कस धुऊन नेतो, आणि दिवाळीनंतर तोच कातळ कोरडा ठणठणीत होतो. अशी जमीन शेतकरी फुकटसुद्धा घेणार नाही.

पण हे दारिद्र्यच कासचे भांडवल आहे. कसदार मातीत चार दांडगी झाडेझुडपे इतरांना डोके वर काढू देत नाहीत. येथे दांडग्यांचे काही चालत नाही, म्हणून लहानांना जागा मिळते. सीतेची आसवे हे जांभळट निळे फूल पाहा. मातीत नत्र तुटपुंजे, म्हणून हे नाजूक रोप जमिनीखालच्या आपल्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते आणि ती उणीव भरून काढते. शेजारचा दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरतो. (नाव ठेवणाऱ्याला सीतेचे दुःख दिसले, त्या फुलाची भूक काही दिसली नाही!)

यांतली पुष्कळशी रोपे एका पावसाळ्याची धनी. या वर्षीचे बी पडले तरच पुढे पीक. फूल पाहण्याच्या भरात आपण ते बी धरण्यापूर्वीच तुडवले आणि ओली माती दाबून घट्ट केली, म्हणजे पुढल्या वर्षाचेच फूल मोडले. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा बहरते; तिच्या नशिबी अशी एक गर्दीची सकाळ आली, तर भरपाईला सात वर्षे थांबावे लागेल.

मग जाऊच नये काय? अवश्य जावे, पण रविवार टाळून जावे. हंगामात प्रवेशाला शुल्क आहे व माणसांच्या संख्येला मर्यादा आहे. त्याविषयी कुरकुर ऐकू येते, ती आम्हांला पटत नाही. नाटकाच्या तिकिटाला आपण कुरकुरतो काय? गुरांच्या चराईचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरत होती तेव्हाही फुले होतीच, आणि चराई थांबली तर उंच गवत माजून लहान फुलांना झाकील, असे काही जाणकार म्हणतात. गावकऱ्यांना दोष देण्यापूर्वी शहरवासीयांनी आपल्या पायांतले बूट पाहावेत.

मोटारीतून उतरून तेथेच घुटमळू नका. जुन्या राजमार्गाने कुमुदिनी तळ्यापर्यंत पायी जा. पाण्यावर झालरीसारख्या कडांची पांढरी फुले तरंगताना दिसतील. वाटेत पाय उघड्या कातळावर किंवा मळलेल्या वाटेवरच पडू द्या. थांबाल तेथे खाली उकिडवे बसा. उभ्याने दिसतो तो नुसता रंग. गेंदाचा बटणाएवढा पांढरा गोंडा आणि दवबिंदूने धरलेली माशी बसल्यावरच दिसते. धुके आले तर घाईने परतू नका. अर्ध्या तासात ते बहुधा सरकते, आणि तेवढ्यात हातभर जागा पाहूनसुद्धा संपत नाही.