मॉरिशसमधले दोन मोकळे दिवस

आमचं नाचाचं मंडळ मॉरिशसला जाऊन आलं, हे पेण-रोह्याच्या बऱ्याच गटांना माहीत आहे. भेटेल ती विचारते, स्टेज केवढं होतं, टाळ्या किती पडल्या. कार्यक्रम चांगले झाले, एवढं सांगून तो विषय मी संपवते. आज बोलायचंय ते कार्यक्रम नसलेल्या दोन दिवसांबद्दल.

आम्ही अकरा जणी. मुक्काम सात दिवसांचा. निघण्याआधी घरोघरी एकच प्रश्न होता, "नाचायचं ते ठीक, पण रिकाम्या दिवशी परक्या देशात या बाया करणार काय?" रोह्याच्या आमच्या आक्का सगळ्यांत मोठ्या. त्यांनी घराघरांत जाऊन दमयंती जोशींची गोष्ट सांगितली. आपल्या खोपोलीवरचा घाट चढला की खंडाळा. तिथे १९३८ साली मादाम मेनका यांनी नृत्याची शाळा काढली. त्याआधी त्यांचं पथक युरोपभर फिरून आलं होतं, १९३६ साली बर्लिनला बक्षिसंही मिळवली होती. त्या पथकात दमयंती ही मुंबईची मराठी मुलगी होती, अगदी लहान वयाची. मेनकाबाईंना ती दत्तक हवी होती. आई वत्सलाबाईंनी दत्तक द्यायला नाही म्हटलं, पण नाचायला जाऊ दिलं आणि मुलीवरचा हक्क आपल्याकडे ठेवला. पुढे १९७० साली दमयंतीबाईंना पद्मश्री मिळाली. आक्का म्हणायच्या, जाऊ देणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं. आमच्या सासूबाईंना हे पटलं. पद्मश्रीचं त्यांना काही वाटलं नाही, वत्सलाबाई मात्र आवडल्या.

करारनामा मराठीत मागून घेतला आणि गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचला. त्यात एक ओळ आम्ही हट्टाने घालून घेतली: दोन दिवस मोकळे, त्या दिवशी कुठलाही कार्यक्रम नाही आणि रोजचा भत्ता चालू.

मुंबईहून विमानाने सहा-सात तास लागतात. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे. पैशालाही रुपयाच म्हणतात, पण तो आपल्या जवळजवळ दुप्पट, म्हणून खरेदी करताना हात आखडता.

पहिल्या मोकळ्या दिवशी पोर्ट लुईला गेलो. बंदराजवळ आप्रवासी घाट आहे. आपल्याकडून करारावर नेलेले मजूर बोटीतून उतरले की आधी इथे यायचे. १८३४ पासून पुढे जवळजवळ पाच लाख माणसं हिंदुस्थानातून या बेटावर आली, उसाच्या मळ्यात राबायला. त्यांत कोकणातलीही होती. सोळा दगडी पायऱ्या आहेत. २००६ साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारशात घेतली. बघायला गेलं तर फार काही नाही, भिंती आणि दगड. आमच्यातल्या एकीने पायरीला हात लावून नमस्कार केला, मग सगळ्यांनीच केला. तीही माणसं करारावरच आली होती. कागदावर काय लिहिलंय ते त्यांतल्या कितीजणांना वाचता येत होतं, कोण जाणे.

बाहेर गाडीवर डाळपुरी खाल्ली. पुरणपोळीत गूळच घालायचा नाही, असं समजा. दोन एकावर एक ठेवून, वर तिखट रस्सा घालून गुंडाळून देतात. पोट भरतं आणि स्वस्त आहे.

दुपारी कास्काव्हेल गावात एका घरी बोलावणं होतं. तिथे मराठी वस्ती आहे. आम्ही त्या बाईंना मावशी म्हणत होतो. त्यांचं घरचं बोलणं क्रिओल भाषेत. मराठी शाळेत शिकलेलं, त्यामुळे थोडं पुस्तकी. "आपण भोजन ग्रहण करा," म्हणाल्या आणि आमच्या पोरी हसू दाबत बसल्या. पण गणपतीची आरती सुरू झाली तेव्हा एकही शब्द अडला नाही. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आम्ही पेणहून पोह्याचे पापड नेले होते. ते लगेच तळले आणि अर्धे संपलेसुद्धा.

मावशींनी एक कागद दाखवला. मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जुन्या मजुरांच्या नोंदी जपल्या आहेत, तिथून काढलेला. पणजोबांचं नाव, बापाचं नाव, वय, आणि जिल्हा रत्नागिरी. गावाचं नाव इंग्रजीत असं काही लिहिलं होतं की आम्हा अकरा जणींना मिळून लागलं नाही. मावशी मात्र पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

संध्याकाळी अंगणात त्यांच्या बायकांनी झाकरी धरली. झाकरी म्हणजे आपली जाखडी. गोल तोच, पाय आपटायची जागा तीच. आम्हाला कुणी शिकवलं नाही, आम्ही मधे शिरलो. पुढे तासभर कोण पाहुणी आणि कोण घरची, ते राहिलंच नाही.

आता दुसरा दिवस. आदल्या रात्री आमच्यासोबतचा व्यवस्थापक आला. म्हणाला, उद्या काही बड्या लोकांची खाजगी पार्टी आहे, थोडा नाच, थोडं पाहुण्यांशी हसून बोलायचं, वेगळे पैसे मिळतील. आक्का म्हणाल्या, उद्या सुट्टी आहे. तेव्हा कळलं की तीन तरुण मुलींचे पासपोर्ट त्याने विमानतळावर "हरवतील" म्हणून घेतले होते. आता म्हणे, पार्टी झाली की देतो.

आक्कांनी आवाज चढवला नाही. करारनामा टेबलावर ठेवला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मावशींना फोन लावला. अर्ध्या तासात मावशी आणि त्यांचे यजमान हजर. मावशी व्यवस्थापकाशी क्रिओलमध्ये काय बोलल्या ते आम्हाला कळलं नाही. "लापोलीस" तेवढं कळलं. तिन्ही पासपोर्ट परत आले. दुसऱ्या दिवशी मावशींच्याच ओळखीच्या गाडीने आम्ही गंगा तलावाला गेलो. डोंगरातलं तळं, काठावर महादेवाची १०८ फुटी मूर्ती, आणि वारा असा की पदर सावरता येईना. येताना समुद्रावर बसलो. दोघी-तिघी तर नुसत्या झोपल्या. घरी दुपारी झोपायला कुणाला मिळतं?

ज्या मंडळांना असं बोलावणं येईल, त्यांनी एवढं बघा. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. तो तुमच्या नावाचा, तुमच्याच पिशवीत राहायचा. बोलावणाऱ्याला तो अडकवून ठेवायचा अधिकार नाही. झेरॉक्स हवी तर द्या, आणि एक झेरॉक्स घरीही ठेवा. त्या देशातल्या भारतीय वकिलातीचा फोन नंबर प्रत्येकीकडे कागदावर लिहिलेला असू द्या, मोबाईलची बॅटरी संपते. मोकळे दिवस किती आणि त्या दिवशी जेवणाखाण्याचा खर्च कुणाचा, हे करारात लिहून घ्या. तोंडी "बघू" म्हणणाऱ्याला पुन्हा विचारा. आणि त्या गावातलं एक तरी मराठी घर आधी शोधून ठेवा.

मावशींच्या कागदाचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. रत्नागिरीकडे माहेर असलेल्या कुणाला ते गावाचं नाव लागतंय का, बघायचंय. पुढच्या महिन्याच्या बैठकीला मी तो आणि करारनामा, दोन्ही घेऊन येते.